कराचीपासून कराचीपर्यंत

हनीफ मोहम्मदचं नाव निघालं की बार्बाडोसची ९७० मिनिटं आठवतात आणि तिथंच बोलणं थांबतं. चिवट, संथ, न हलणारा सलामीवीर ही ओळख त्याला कायमची चिकटली. पण त्याची सुरुवातीची वर्षं नीट पाहिली की ही ओळख अपुरी वाटते. संथपणा त्याच्या स्वभावात होता त्यापेक्षा कितीतरी जास्त त्याच्या संघाच्या गरजेत होता.

जन्म १९३४चा, जुनागढचा. फाळणीनंतर कुटुंब कराचीला गेलं आणि सुरुवातीला एका रिकाम्या पडलेल्या मंदिरात राहिलं. आई अमीर बी स्वतः खेळाडू. वझीर, हनीफ, मुश्ताक, सादिक असे तिचे चार मुलगे पुढं पाकिस्तानकडून कसोटी खेळले. सिंध मदरशात हनीफला घडवलं ते मास्टर अब्दुल अझीझ यांनी. हे आपल्या सलीम दुराणीचे वडील. मुलगा भारतात वाढला, वडील कराचीत राहिले आणि तिथं त्यांनी पाकिस्तानला पहिला मोठा फलंदाज दिला. फाळणीनं क्रिकेटचं एक घर असं मधोमध चिरलं होतं.

१९५१च्या अखेरीस एमसीसीचा संघ कराचीत खेळायला आला, तेव्हा पाकिस्तानला कसोटीचा दर्जा नव्हता. तो सामना पाकिस्ताननं चार गडी राखून जिंकला. सोळा वर्षांच्या हनीफनं दुसऱ्या डावात ६४ धावा केल्या. पुढच्या वर्षीच्या जुलैत पाकिस्तान कसोटी देश झाला, त्यात या विजयाचा वाटा मोठा होता.

ऑक्टोबर १९५२मध्ये संघ भारतात आला. कर्णधार अब्दुल हफीझ कारदार. १९४६मध्ये हाच भारताकडून इंग्लंडमध्ये खेळला होता. अमृतसरच्या सामन्यात हनीफनं दोन्ही डावांत शतकं ठोकली. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत यष्टिरक्षणही त्याच्याकडेच होतं. विनू मंकडनं त्या सामन्यात तेरा बळी घेतले, पाकिस्तान डावानं हरलं, पण पहिल्या डावात १५०पैकी ५१ धावा या सतरा वर्षांच्या पोराच्या होत्या. पाकिस्तानचं कसोटीतलं ते पहिलं अर्धशतक. लखनौला पाकिस्ताननं परतफेड केली. मग ब्रेबॉर्नवरची तिसरी कसोटी आली.

मुंबईकरांनी त्याला खऱ्या अर्थानं पाहिलं ते इथं. विजय हजारे आणि पॉली उम्रीगर यांच्या शतकांनी भारताला दोनशेवर धावांची आघाडी मिळाली होती. दुसऱ्या डावात हनीफ आणि वकार हसन यांनी १६५ धावांची भागी रचली. हनीफ ९६ धावांवर मंकडचा बळी ठरला आणि नंतरचा डाव कोसळला. सामना भारतानं दहा गडी राखून जिंकला. पण ज्या शहराला खडूस फलंदाजीची कदर आहे, त्याच्यासमोर या मुलानं सिद्ध केलं होतं की हा बाद होत नाही, याला बाद करावं लागतं.

आणि याच गुणानं त्याला बांधून टाकलं. कारदारच्या संघाकडे फझल महमूदसारखा गोलंदाज होता, पण फलंदाजी कधी कोलमडेल याचा नेम नव्हता. हनीफ गेला तर डाव गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं, हनीफला सर्वांत जास्त. १९५४च्या लॉर्ड्स कसोटीत तो तीन तासांहून अधिक उभा राहून २० धावा करतो, त्याचा अर्थ हा आहे. त्याच मालिकेत ओव्हलवर पाकिस्ताननं इंग्लंडला २४ धावांनी हरवलं; तो विजय फझलचा, हनीफ पहिल्या डावात शून्यावर गेला होता. त्याचं पहिलं कसोटी शतक त्यानंतर काही महिन्यांनी आलं, १९५५च्या जानेवारीत बहावलपूरला भारताविरुद्ध, १४२ धावांचं. ती मालिका मात्र दोन्ही बाजूंच्या भीतीनं गिळली. पाचच्या पाच कसोटी अनिर्णित. हरायचं नाही, एवढंच दोन्ही संघांच्या मनात होतं, आणि अशा मालिकेत कुठल्याही फलंदाजाचा हात मोकळा होणं कठीण.

मग जानेवारी १९५८, बार्बाडोसमधलं ब्रिजटाउन. वेस्ट इंडिजचे ९ बाद ५७९. पाकिस्तान सर्वबाद १०६. फॉलोऑन, ४७३ धावांची पिछाडी, सहा दिवसांच्या सामन्यातले साडेतीन दिवस शिल्लक. समोर रॉय गिलख्रिस्टचा भन्नाट वेग, डोक्याला हेल्मेट नाही. तिसऱ्या दिवसअखेर हनीफ नाबाद ६१. चौथ्या दिवसअखेर नाबाद १६१, म्हणजे अख्ख्या दिवसात नेमक्या शंभर धावा. पाचव्या दिवसअखेर नाबाद २७०. कारदार रोज रात्री त्याच्या खोलीत चिठ्ठी ठेवायचा: तूच वाचवू शकतोस, अशा अर्थाची. उन्हानं डोळ्यांखालची कातडी सोलून निघाली होती. सहाव्या दिवशी ३३७वर यष्टीमागे झेल देऊन तो परतला तेव्हा पराभवाचा प्रश्नच उरला नव्हता. पाकिस्ताननं ८ बाद ६५७वर डाव सोडला. वेळेच्या हिशेबात कसोटीतला तो आजही सर्वांत दीर्घ डाव आहे. कसोटीत फॉलोऑननंतर त्रिशतक करण्याची ती पहिलीच वेळ होती.

माझ्या मते त्याला समजून घ्यायला यापुढचं वर्ष जास्त उपयोगी आहे. जानेवारी १९५९मध्ये कराचीच्या पारशी इन्स्टिट्यूटच्या मैदानावर बहावलपूरविरुद्धच्या सामन्यात त्यानं ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम मोडला. दिवसाचे दोन चेंडू उरले असताना फलकावर त्याच्या ४९६ धावा दिसत होत्या. प्रत्यक्षात त्या ४९८ झाल्या होत्या. दुसरी धाव घेऊन स्वतःकडे स्ट्राइक ठेवण्याच्या नादात तो धावचीत झाला, ४९९वर. ब्रायन लारानं १९९४मध्ये नाबाद ५०१ करेपर्यंत हा विक्रम टिकला.

त्या डावाला लागलेली वेळ ६३५ मिनिटं. ब्रिजटाउनच्या ३३७ला ९७०. वर्षभराच्या आतले हे दोन डाव, फलंदाज तोच. कराचीत त्याच्या डोक्यावर ४७३ धावांचं ओझं नव्हतं, म्हणून त्याचे फटके सुटले. बार्बाडोसमध्ये तेच फटके त्यानं साडेतीन दिवस आवरून धरले.