सुरमई कुठल्या फळीवर?

शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल असतो तो बहुधा मोठ्या पटसंख्येच्या माध्यमिक शाळेत. एरवी कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाच्या खिशात. पदासाठी ग्रंथपालनाचं प्रमाणपत्र किंवा बी.लिब. लागतं, मुलांसोबत वाचायची हौस मात्र कुठल्याच परीक्षेत तपासत नाहीत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन खुद्द मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा सुरुवातीला चक्क कंटाळले होते. ग्रंथालयशास्त्राची त्यांची प्रसिद्ध पंचसूत्री 1931 ची.

ही हौस असेल, तर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावर पोरांना पुस्तकाकडे ओढायला मासा पुरेसा आहे. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई दशांश वर्गीकरणात मासे 597 वर, तर व्यावसायिक मासेमारी 639.2 वर. म्हणजे सुरमई एका फळीवर आणि तिला पकडणारं जाळं भलत्याच! ग्रंथपालाने दोन्ही पुस्तकं खुशाल एका टेबलावर मांडावीत. यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद असते आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. बोटीवर जाणाऱ्या बाबांना वाचनाच्या तासाला बोलवायचं, तर हेच दिवस. कपाटही याच दिवसांत उघडं ठेवावं, कारण बंद कपाटात कोंडलेल्या खाऱ्या, दमट हवेत पानं चिकटतात आणि बुरशी धरते.

शाळेतली पुस्तकं संपली तर शहरात रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय आहे. स्थापना 1828 ची, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. शिवाय बालभारतीचं मुलांसाठीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं. मधल्या सुट्टीत वाचून होईल एवढ्या लांबीच्या गोष्टी त्यात सापडतात.