खातेवहीचं वीजबिल (लेखांक 6)

जून 2021. चीनच्या सिच्वान प्रांतात पावसाळा सुरू झाला होता. एरवी हे दिवस बिटकॉइनच्या व्यवहारांची खातेवही यंत्रांनी राखणाऱ्या मायनर्सच्या हंगामाचे. कोरड्या महिन्यांत शिनजियांग आणि इनर मंगोलियात कोळशाच्या विजेवर चालणारी यंत्रं ते पावसाळ्यात इथे आणत, कारण नद्या भरल्या की जलविद्युत मातीमोल भावाने मिळे. त्या वर्षी मात्र मायनिंग थांबवण्याचा सरकारी आदेश आला आणि यंत्रांनी भरलेल्या शेड एकामागून एक बंद झाल्या. मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिन्यांत, जगातली निम्म्याहून अधिक मायनिंग-क्षमता नाहीशी झाली.

तरीही बिटकॉइनची खातेवही थांबली नाही. सरासरी 10 मिनिटांनी भरणारं तिचं पान, म्हणजे ब्लॉक, 14 मिनिटांच्या आसपास भरू लागलं, एवढंच. 3 जुलैला नेटवर्कने पान भरण्यासाठी सोडवावं लागणारं कोडं जवळपास 28 टक्क्यांनी सोपं केलं आणि गाडी रुळावर आली. ही घट आजवरची सर्वांत मोठी. त्यासाठी कुणाची बैठक भरली नाही. दर 2016 ब्लॉकनंतर वेग तपासायचा आणि काठिण्य बदलायचं, हा नियम प्रणालीतच लिहिलेला आहे.

हे कोडं बुद्धीचं नाही. व्यवहारांच्या गठ्ठ्याला एक आकडा जोडायचा, सगळं मिळून सूत्रातून काढायचं आणि येणाऱ्या उत्तराच्या सुरुवातीला पुरेशी शून्यं आहेत का ते पाहायचं. नसतील तर पुढचा आकडा. आकड्यांचं कुलूप अंदाजाने फिरवत बसावं तसं. उघडायला अफाट कष्ट, पण उघडलं आहे का हे कुणीही क्षणात तपासू शकतो. जो पहिला उघडेल त्याला एप्रिल 2024 पासून 3.125 नवे बिटकॉइन आणि व्यवहारांचं शुल्क मिळतं.

वीज लागते ती या फिरवाफिरवीला, आणि संरक्षणही तिच्यातूनच येतं. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो. जुनी नोंद खोडायची तर त्यानंतरची सगळी पानं नव्याने सोडवून बाकीच्या जगाच्या पुढे जावं लागतं. तेवढी यंत्रं आणि तेवढी वीज जमवणं परवडत नाही, म्हणून नोंद सुरक्षित.

वीज आणि सुरक्षा यांचं हे नातं पोकळ नाही, याचा पुरावा अशाच छोट्या खातेवह्यांनी, म्हणजे साखळ्यांनी, दिला. इथेरियम क्लासिकवर ऑगस्ट 2020 मध्ये तीनदा हल्ला झाला. तिच्या राखणीला यंत्रं इतकी कमी होती की बहुमताची ताकद चक्क भाड्याने मिळवता आली. एकदा खर्च केलेली नाणी हल्लेखोरांनी पुन्हा खर्च केली.

‘यंत्रं सुधारली की वीज वाचेल’ ही आशा काठिण्याच्या त्याच नियमामुळे फसते. यंत्रं जलद झाली की नेटवर्क कोडं तेवढंच अवघड करतं. बक्षिसाची किंमत बिलापेक्षा जास्त आहे तोवर कुणीतरी आणखी यंत्रं लावतंच. म्हणजे एकूण वापर ठरतो बिटकॉइनच्या आणि विजेच्या भावावर. केंब्रिज विद्यापीठाच्या 2025 च्या अहवालात हा वापर वर्षाला सुमारे 138 टेरावॉट-तास धरला आहे. आपल्या मीटरच्या भाषेत 13,800 कोटी युनिट. नेदरलँड्ससारखा देश वर्षभरात यापेक्षा कमी वीज वापरतो.

आणि हे बिल नेहमी मायनरच भरतो असं नाही. न्यूयॉर्क राज्यात कॅनडाच्या सीमेजवळ प्लॅट्सबर्ग हे शहर आहे. सेंट लॉरेन्स नदीवरची स्वस्त जलविद्युत त्याला ठरावीक कोट्यात मिळते आणि अनेक घरं त्याच विजेवर ऊब घेतात. 2017-18 च्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली. त्या वेळी मायनिंगची यंत्रंही तीच वीज ओढत होती. कोटा ओलांडला, उरलेली वीज खुल्या बाजारातून चढ्या दराने घ्यावी लागली आणि तो बोजा सगळ्या ग्राहकांवर वाटला गेला. ज्यांनी बिटकॉइन कधी पाहिलं नव्हतं त्यांच्याही घरी फुगलेली बिलं आली. हा उघड अन्याय होता. मार्च 2018 मध्ये शहराने नव्या मायनिंगवर 18 महिन्यांची बंदी घातली. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर.

2021 च्या बंदीनंतर चीनमधून हललेल्या यंत्रांपैकी बरीच कझाकस्तानला गेली, जिथे वीज मुख्यतः कोळशाची. काही टेक्सासला पोहोचली. 2021 संपेपर्यंत नेटवर्कची गेलेली ताकद भरून निघाली होती.

इथेरियम या दुसऱ्या एका मोठ्या साखळीने (क्लासिक नव्हे) मात्र 15 सप्टेंबर 2022 रोजी हे कोडंच काढून टाकलं आणि तिचा वीजवापर 99 टक्क्यांहून अधिक घटला. आता तिथे नोंदी राखणाऱ्याला 32 इथर, म्हणजे तिथली नाणी, अनामत ठेवावे लागतात. लबाडी केली तर ती अनामत कापली जाते. विजेऐवजी पैसा पणाला लावणारी ही राखण कशी चालते, ते पुढच्या आठवड्यात.