गणपती शिरवायचा दिवस

पहाटे साडेपाच
अनंत चतुर्दशीला नागपूरच्या गांधीसागर तलावावर आम्ही उजाडायच्या आत पोचतो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या कॉलेजची पंधरा-वीस मुलंमुली. महापालिकेनं शहरातल्या तलावांत मूर्ती शिरवायला बंदी केल्यापासून या दिवशी काठ पत्रे ठोकून बंद असतो आणि कडेला कृत्रिम टाकी मांडलेली असतात. लोकांना तिकडे वळवायचं, हे आमचं काम.

पत्र्यांच्या फटीतून पाणी दिसतं. काठाजवळ मासे तोंड वर काढून आ करत होते. शेवाळ आणि तळाला कुजणारा गाळ रात्रभर पाण्यातला प्राणवायू खात राहतात आणि ऊन पडल्याशिवाय नवा तयार होत नाही. त्यामुळे तलावासाठी पहाट ही दिवसातली सगळ्यात कठीण वेळ. मी मुलांना आधी हे मासे दाखवतो. मग दिवसभर बंदीचं कारण त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सकाळी सात
निर्माल्याचे ड्रम लावले, हातमोजे वाटले, तर्री पोहे खाल्ले. एका मुलानं विचारलं, "सर, हा तलाव खोदला कोणी?" शेजारच्या महाल भागात वाढलेल्या पोराला हे माहीत नसावं याचं मला वाईट वाटलं, म्हणून पोहे खाता खाताच सगळं सांगितलं.

गोंड राजा बख्त बुलंद शहानं 1702 च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान. त्यानं शहराभोवती तट बांधला आणि ओढ्यांचं पाणी अडवून हा तलाव केला, तो गावाला प्यायला पाणी मिळावं म्हणून. तेव्हा तो जुम्मा तलाव, पुढे शुक्रवारी तलाव, आणि आता गांधीसागर. म्हातारी माणसं अजून शुक्रवारीच म्हणतात. त्या तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून उभा आहे. भोसले आले, इंग्रज आले, तरी गोंड राजाचं हे पाणी जागचं हललं नाही.

तलावाशेजारीच जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल उभी केली. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाल्याचा समारंभ झाला त्याच दिवशी, ती सुरू झाली. जागा दलदलीची होती. गोष्ट अशी सांगतात की गावातल्या एका सावकारानं पैसे द्यायचं नाकारलं. हा माणूस खड्डे बुजवण्यात सोनं घालतोय, असं त्याचं म्हणणं. पुढे त्यानंच कबूल केलं की टाटांनी जमिनीत घातली ती माती आणि काढलं ते सोनं. 2002 साली मिल बंद पडली, आता तिथं मॉल आहे. तलाव मात्र तिथंच आहे.

साडेनऊ
घरगुती गणपती यायला लागले. रिक्षात, स्कूटीवर, डोक्यावरच्या पाटावर. काठावरच्या टेबलावर आरती, मग टाक्यात तीनदा बुडवून मूर्ती आमच्या हातात. बहुतेक माणसं निमूटपणे ऐकतात. पंचाहत्तरीच्या एक काकू मात्र अडून बसल्या.

"सर, देवाले डबक्यात टाकता का जी तुम्ही? माह्या सासूनं याच तलावात शिरवला, मी पण इथंच शिरवीन."

माझ्यातर्फे उत्तर दिलं ते आमच्या बी.एस्सी.च्या मुलीनं. "आजी, तुमच्या सासूबाईंचा गणपती कशाचा होता?"

"मातीचा. चितार ओळीतला."

"आणि हा?"

काकू मूर्तीकडे बघत राहिल्या. चकचकीत रंगाचा, हलका, प्लास्टरचा गणपती होता तो. मग म्हणाल्या, "पोरानं आणला." आणि मूर्ती तिच्या हातात दिली.

मला वाटतं, सगळं प्रकरण या दोन वाक्यांत आलं. विदर्भात मातीचा देव पाण्यात देण्याची रीत गणपतीपुरती नाही. जन्माष्टमीचा कान्होबा, हरतालिकेची वाळूची गौर, गणपती, मग भुलाबाई, मग शारदा आणि दुर्गा. श्रावणापासून कोजागिरीपर्यंत हे शहर माती आणून पूजतं आणि पाण्याला परत देतं. ती माती एका रात्रीत विरघळायची. प्लास्टर महिनोन् महिने तळाशी तसंच पडून राहतं आणि त्याचे रंग पाण्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्लास्टरच्या मूर्ती नकोत असं स्पष्ट लिहिलं आहे. रीत जपायची असेल तर आधी माती परत आणावी लागेल. तलाव कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुपारी बारा ते तीन
गर्दी ओसरते. ऊन जाळतं. आम्ही ड्रम उपसतो. हार, दुर्वा, केवडा, थर्माकोलची मखरं, प्लास्टिकच्या माळा, महालक्ष्म्यांच्या दिवसांपासून जपून ठेवलेली सुकलेली पत्री. फुलं खताला जातात, बाकीचं वेगळं.

सकाळीच टेबलावर एका पारदर्शक बादलीत वीतभर उंचीची शाडूची मूर्ती ठेवली होती. मुलांचा आग्रह होता. आधी कान सैल झाले, मग सोंड खाली घसरली, मग पोटाला भेग पडून बारीक बुडबुडे वर आले. तीन वाजेपर्यंत तळाशी राखाडी मऊ थर आणि वर स्वच्छ पाणी. आईबरोबर आलेला सात-आठ वर्षांचा एक मुलगा किती तरी वेळ तिथून हलेना. ती माती त्यानं डब्यात भरून नेली, झेंडू लावायला. आमच्या कुठल्याही भाषणापेक्षा त्या बादलीनं जास्त काम केलं.

पाच ते अकरा
हे तास सांगण्यासारखे कमी आणि सोसण्यासारखे जास्त. ढोल-ताशे, संदल, गुलाल, वाहनांची रांग. मंडळांच्या मोठ्या मूर्ती शहराबाहेर कोराडीला जातात, तरी रस्ता तोच. रमण विज्ञान केंद्राच्या बाजूनं एक लोंढा येतो, महालाकडून दुसरा. काही पोरं पत्र्यावर चढायला बघतात. पोलीस असतातच, पण हात जोडून "भाऊ, इकडे या, आपल्याकडे आरतीची सोय आहे" म्हटलं तर दहांतले नऊ वळतात. नागपूरच्या माणसाशी वरच्या आवाजात बोललात तर तो तुमच्या वर आवाज चढवतो. हात जोडलेत तर तोच माणूस पुढची दहा घरं समजावतो. आज असा एक जण टाक्याशी तासभर आमच्या मुलांबरोबर उभा राहून मूर्ती उतरवून घेत होता.

रात्री दीड
टाक्यांतल्या प्लास्टरच्या मूर्ती बाहेर काढून ट्रकात चढवल्या जातात. त्या आदरानं ठेवाव्यात यावर आमची मुलं फार काटेकोर असतात. एकावर एक फेकू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. लोकांनी देव आमच्या हातात दिला तो विश्वासानं.

पाठ मोडून आलेली असते, पण काम संपलेलं नाही. उजाडलं की भाद्रपदी पौर्णिमा, घरोघरी भुलाबाई बसेल. त्यानंतर पितृपक्षातल्या संकष्टीला हडपक्या गणपती. भोसल्यांच्या वाड्यातली ही परंपरा 1787 पासूनची मानतात, आणि ती नागपूरची खास आहे. म्हणजे शिरवणं अजून महिनाभर चालणार.

तेव्हा एवढंच करा. कोजागिरीची भुलाबाई घरच्या बादलीत शिरवा. आणि पुढच्या वर्षी मूर्तिकारांच्या चितार ओळीत मूर्ती पसंत पडली की ती उलटी करून बुडावर ओलं बोट घासून बघा. बोट मातकट झालं तरच मूर्ती घरी आणा.