पेशींतील मंद ज्वलन

महाराष्ट्रातील ज्वारीच्या मुलखात धान्य साठविण्याची एक जुनी रीत होती. शेतकरी जमिनीत माणसाच्या उंचीहून खोल असा खड्डा खणीत, तो आतून लिंपून घेत, त्यात धान्य भरीत आणि त्याचे तोंड दगडमातीने बंद करून टाकीत. अशा खड्ड्याला पेव म्हणतात. ‘पेव फुटणे’ हा आपला वाक्प्रचार त्यावरूनच आला आहे. पेव उघडताना अनुभवी माणसे एक नियम कसोशीने पाळीत. तोंड उघडताच कोणी आत उतरत नसे. पेव बराच वेळ उघडे ठेवीत आणि मग दोरीला बांधलेला पेटता दिवा हळूहळू आत सोडीत. दिवा विझला, तर उतरण्याचे नावही काढीत नसत. हा नियम मोडणारी माणसे पेवात गुदमरून प्राणांस मुकत.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पेवात चूल नव्हती, की गुरेढोरे कोंडलेली नव्हती. तेथे होते ते धान्याचे मुके दाणे. मग तेथील हवेतला प्राणवायू गेला कोठे?

तो मुख्यतः दाण्यांनीच घेतला होता. ज्वारीचा दाणा म्हणजे निर्जीव खडा नव्हे. त्याच्या पोटात एक अंकुर निजलेला असतो, आणि निजलेला जीवही श्वसन करीत असतो. दाणे आणि त्यांच्यात लपलेले किडे व बुरशी ही सारी मिळून पेवातील प्राणवायू घेतात व कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. प्राणवायू सरत आला, की किडे मरतात आणि धान्य टिकते. जी हवा धान्याचे रक्षण करी, तीच आत उतरणाऱ्या माणसाचा घात करी.

दाण्याला नाक नाही, छाती नाही, फुप्फुसेही नाहीत. तरी तो श्वसन करतो, हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. आपण हवा आत घेतो व बाहेर सोडतो, त्या क्रियेला श्वासोच्छ्वास म्हणावे. ती केवळ वायूंची ने-आण आहे. खरे श्वसन चालते ते शरीराच्या पेशीपेशीत. अन्न आणि प्राणवायू यांच्या संयोगातून ऊर्जा मिळविणे, हेच ते श्वसन होय.

ही ऊर्जा तुम्हांला घरीच पडताळून पाहता येईल. मोड येऊ लागलेली मटकी एका थर्मास बाटलीत भरा. तितकीच मटकी उकळून, थंड करून दुसऱ्या बाटलीत भरा. दोन्ही बाटल्यांत एकेक तापमापक ठेवून तोंडे कापसाच्या बोळ्याने बंद करा. दुसऱ्या दिवशी पाहाल, तर मोडाच्या मटकीतील तापमापकाचा पारा वर चढलेला दिसेल. उकळलेली मटकी मेलेली असते. म्हणून ती तशी तापत नाही. जेथे जीव, तेथे ऊब!

जीवाची ही ऊब आणि अग्नीची उष्णता यांत काही नाते असेल काय? हा प्रश्न फ्रान्समधील लाव्हॉझिए या थोर रसायनशास्त्रज्ञाने स्वतःला विचारला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने लाप्लास या गणितज्ञाच्या साह्याने एक युक्ती योजिली. सभोवार बर्फ भरलेल्या एका पात्रात त्यांनी गिनीपिग नावाचा लहानसा प्राणी ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो, हे त्यांनी मोजले. तेवढ्या वेळात तो किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, हेही त्यांनी ठरविले. नंतर तितकाच वायू निर्माण होण्यास जेवढा कोळसा जाळावा लागतो, तेवढ्याने किती बर्फ वितळेल, याचा त्यांनी हिशेब केला. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले नाहीत. परंतु ते एकमेकांच्या पुष्कळ जवळ आले. त्यावरून लाव्हॉझिएने निष्कर्ष काढला, की श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे.

हे ज्वलन फुप्फुसांत होत असावे, असे लाव्हॉझिएला वाटे. पुढील शतकात इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की फुप्फुसे ही केवळ दारे आहेत. रक्तातील तांबड्या पेशी तेथून प्राणवायू उचलतात आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवितात. आपण भूक लागली म्हणजे ‘जठराग्नी पेटला’ असे म्हणतो. पण जठरात व आतड्यांत अन्न जळत नाही. तेथे त्याचे बारीक घटक होतात. भाकरीतील पिठूळ पदार्थापासून द्राक्षशर्करा, म्हणजेच ग्लुकोज, तयार होते. ती रक्तातून पेशींपर्यंत जाते आणि अग्नीचे खरे कार्य तेथे सुरू होते.

चुलीत लाकूड जळते, तेव्हा त्यातील सारी ऊर्जा उष्णता व प्रकाश यांच्या रूपाने भडभडून बाहेर पडते. पेशीत असे झाले असते, तर पेशी क्षणात करपून गेली असती. म्हणून निसर्गाने येथे मोठी काटकसर साधली आहे. उंच धरणाचे पाणी एकदम कोसळू दिले, तर ते वाटेतील सर्व वाहून नेईल. परंतु तेच पाणी पायरीपायरीने उतरविले व प्रत्येक पायरीवर एक चक्र बसविले, तर त्यापासून काम करून घेता येते. पेशी द्राक्षशर्करेचे ज्वलन असेच पायरीपायरीने करते.

पहिल्या टप्प्यात द्राक्षशर्करेच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात. या कामी प्राणवायू लागत नाही. पण ऊर्जाही फार थोडी हाती येते. नंतर हे तुकडे पेशीतील तंतुकणिका नावाच्या अतिसूक्ष्म कणांत शिरतात. तेथे क्रियांचे एक चक्र अखंड फिरत असते. या चक्रात तुकड्यांतील कार्बन सुटा होऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड हा असा अन्नातूनच आलेला असतो. हे चक्र हान्स क्रेब्ज या शास्त्रज्ञाने १९३७ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे शोधून काढले. कबुतराचे छातीचे स्नायू उडताना अविश्रांत काम करतात. म्हणून त्याने प्रयोगांसाठी तेच निवडले होते. या शोधाबद्दल त्याला १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अखेरच्या टप्प्यात अन्नातून निघालेला हायड्रोजन प्राणवायूशी संयोग पावतो व पाणी तयार होते. बहुतेक सारी ऊर्जा याच टप्प्यात मिळते. ती साठविली जाते ‘एटीपी’ या संयुगात. ऊर्जेची ही जणू सुटी नाणीच. मोठी नोट घेऊन बाजारात गेले, तर प्रत्येक लहान खरेदीला ती मोडीत बसावे लागते. सुटे पैसे मात्र कोठेही चालतात. स्नायू आखडणे, नवे पदार्थ घडविणे, मज्जातंतूंतून संदेश धाडणे, अशा कामांची किंमत पेशी एटीपी खर्चून चुकविते. या नाण्यांचा साठा मात्र अगदी अल्प असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात एका वेळी अवघे सुमारे ५० ग्रॅम एटीपी असते. ते खर्च होते आणि पुन्हा घडविले जाते. अशा रीतीने दिवसभरात त्याची जी उलाढाल होते, ती जवळजवळ माणसाच्या वजनाइतकी भरते!

प्राणवायू मिळालाच नाही, तर काय होईल? काही जीव त्यावाचूनही निभावून नेतात. पावाच्या कणकेतील यीस्ट साखरेचे पुरते ज्वलन न करता तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. त्या वायूनेच पाव फुगतो व त्याला जाळी पडते. खो-खोमध्ये तुम्ही जीव तोडून धावता, तेव्हा स्नायूंना पुरेसा प्राणवायू वेळेवर पोहोचत नाही. मग तेही थोडा वेळ असाच अपुरा मार्ग धरतात. परंतु तो परवडणारा नव्हे. प्राणवायू असेल, तर एका द्राक्षशर्करेच्या रेणूपासून एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. नसेल, तर केवळ २.

ही तूट मेंदूला मुळीच सोसत नाही. त्याचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. प्राणवायूचा पुरवठा थांबला, तर थोड्याच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. पेवात उतरलेला माणूस हाक मारण्यापूर्वीच का कोसळतो, हे आता तुमच्या ध्यानी आले असेल. पडक्या विहिरी, पेवे व बंद टाक्या आजही तितक्याच घातक आहेत. दिवा जळत राहिला, तरी तेथील हवा निर्धोक आहे असे मुळीच समजू नये. कारण कित्येक विषारी वायूंत दिवा विझत नाही, आणि वायू पेट घेणारा असेल, तर दिव्यानेच स्फोट होतो. अशा जागी कोणी पडला, तर त्याच्या मागोमाग आत उतरू नये. तत्काळ मोठ्या माणसांना व अग्निशामक दलाला बोलवावे. एकाला वाचविण्याच्या घाईत पाठोपाठ उतरणारेही बळी पडतात.

वनस्पतींनाही हाच नियम लागू आहे. त्या केवळ रात्री श्वसन करतात, असे अनेकांना वाटते. वस्तुतः त्या रात्रंदिवस श्वसन करीत असतात. शेतात पावसाचे पाणी तुंबले, की पीक पिवळे पडते; कारण पाण्याखालच्या मुळांना प्राणवायू मिळत नाही. म्हणून शहाणा शेतकरी चर खणून पाण्याला वाट करून देतो. कोकणच्या खाड्यांतील तिवराने यावर स्वतःच उपाय शोधला आहे. त्याची श्वसनमुळे चिखलातून भाल्यांसारखी वर येतात व हवा घेतात.

वाघ असो वा वाळवी, वड असो वा ज्वारीचा दाणा, प्रत्येकाच्या पेशींत हा अग्नी तेवत आहे. त्याला ज्वाला नाही, धूर नाही, आवाज नाही. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर अन्न निर्माण करतात. आपल्या पेशी ते जाळून त्यातील ऊर्जा मोकळी करतात. भाकरीच्या प्रत्येक घासाबरोबर साठविलेले ऊनच आपण ग्रहण करीत असतो.

स्वाध्याय

१. पेवातील प्राणवायू कशामुळे कमी होतो?
२. श्वासोच्छ्वास आणि श्वसन यांतील फरक सांगा.
३. लाव्हॉझिए व लाप्लास यांच्या प्रयोगाचे वर्णन करा.
४. एटीपीला ‘सुटी नाणी’ का म्हटले आहे?
५. ‘पेव फुटणे’ व ‘जीव तोडून धावणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.