धक्का कोणी सोसायचा?

आमच्या घरी एक प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती १९८९ साली घेतली. वडील गेले, गाडी राहिली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, ते मी नेमाने करतो. पण काही वर्षांपूर्वी या गाडीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. जुनी गाडी सांभाळणारे पुष्कळजण तीच चूक करतात, म्हणून आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

गाडी मागून बसली होती. चार माणसे बसली की मडगार्ड टायरला टेकते की काय, असे वाटायचे. आमच्या शेगावच्या आसपासची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-चार पावसाळ्यांत लाटांसारखा वरखाली होतो. अशा रस्त्याला गाडी टणक हवी, असे मला वाटले. एका गॅरेजमध्ये मागच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालून घेतला. गाडी चांगली उचलली. मी खूश झालो.

आठवड्याने अम्मीला अकोल्याला डॉक्टरांकडे न्यायचे होते. तिचे मणक्याचे दुखणे जुने. मागच्या सीटवर उशी देऊन तिला बसवले. प्रत्येक खड्ड्याला तिचा हात सीटची कड घट्ट धरत होता, ते मला आरशात दिसत होते. घरी उतरताना ती एवढेच म्हणाली, "बेटा, इससे तो बंडी अच्छी थी." बैलबंडीला स्प्रिंग नसते, हे ऐकणाऱ्यांना सांगायला नको.

मग मी खामगावच्या एका जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, पाटा गाडीसाठी नसते, आत बसलेल्या माणसासाठी असते." त्या दिवशी त्यांनी जे समजावले, ते माझ्या भाषेत सांगतो.

गाडीच्या सस्पेन्शनमध्ये दोघांची दोन कामे असतात. स्प्रिंग ओझे पेलते आणि धक्का आपल्यात साठवून घेते. पण साठवलेले ती परतही करते, म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी पाळण्यासारखी हेलकावत राहील. ते हेलकावे थांबवतो तो शॉकअप. त्याच्या नळकांड्यात तेल असते आणि दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते जोराने ढकलले जाते. धक्क्याची शक्ती तिथे उष्णतेत बदलून हवेत निघून जाते. स्प्रिंग धक्का लक्षात ठेवते, शॉकअप तो विसरायला लावतो, असे म्हणा.

पद्मिनीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. अ‍ॅम्बॅसडरला मागे पाटेच, पण पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. पाट्यांची युक्ती घोडागाडीच्या काळातली. लंडनच्या ओबडाया एलियट यांनी १८०४ साली लंबगोल पाट्याच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. आपल्याकडच्या टांग्यालाही पाटेच असत.

साधारण मोटारीचे अंग सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली होईल, अशी तिची रचना असते. माणसाच्या चालण्याची लय साधारण तेवढीच आहे, म्हणून ती अंगाला सोसते. सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हादरे मात्र कंबरेला आणि पोटाला सर्वांत जास्त जाणवतात. पाटा वाढवला की स्प्रिंग कडक होते आणि लय जलद होते. पाच सारख्या पाट्यांत सहावा घातला, तर कडकपणा सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतो. गाडी खाली यावी म्हणून काही तरुण पुढच्या स्प्रिंगचा वेढा कापतात. वेढे कमी झाले की तीही कडकच होते.

कडक म्हणजे मजबूत, हा समज इथे फसवतो. फार कडक गाडीचे चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारते आणि जमिनीवर न टेकलेल्या चाकाचा ब्रेक लागून उपयोग नसतो. आषाढीला आमच्या शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते. पालखीचा खांदेकरी कधी गुडघे ताठ ठेवून चालतो का? तो गुडघ्यात किंचित लवतो, म्हणून पालखी हिंदकळत नाही.

आमच्या गाडीचा खरा आजार वेगळाच निघाला. पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते, त्यामुळे ते एकमेकांवर सरकतच नव्हते. शॉकअपमधले तेल गळून गेले होते. रबरी बुश झिजले होते. मी आजार तसाच ठेवून वर एक पाटा चढवला होता.

तुम्हीही घरी तपासू शकता. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडा. ती वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डुलली, तर शॉकअप संपला. दुरुस्तीचा क्रमही लक्षात ठेवा. आधी टायरमधली हवा, कारण धक्का पहिल्यांदा तोच खातो. मग बुश. मग पाटे सोडवून, गंज काढून, कमान बसली असेल तर जाणकाराकडून भरून घ्यावी. पाटा नको तेवढा तापला, तर पोलादाचे पाणी उतरते. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत, शेवटी चाकांचे अलाइनमेंट करावे. याउपर सुधारणा हवी असेल, तर गॅसचे शॉकअप घ्या. त्यांतला नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात जास्त, पण रबरापेक्षा कडक असल्याने आवाज आणि थरथर आत येते.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातल्या कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. आमची गाडी त्या वयाची नाही. पण वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियरची ही कुर्ल्यातली निर्मिती. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. उरल्यात त्यांचा मूळ स्वभाव जपावा.

मिस्त्रींनी जादा पाटे काढले, उरलेले साफ करून कमान भरली, चारही शॉकअप नवे घातले. महिन्याने पुन्हा अकोल्याला निघालो. रस्ता तोच होता, खड्डेही तेच होते. मी आरशात पाहत होतो. गायगाव येण्याआधीच अम्मीचा डोळा लागला होता आणि सीटच्या कडेवरचा हात सैल पडला होता.