विचारून पाहताना

शलमोन राजा वारला आणि त्याचा मुलगा रहबाम शखेमला गेला. सगळा इस्राएल त्याला राजा करायला तिथे जमला होता. लोकांची मागणी एकच होती: तुझ्या बापाने लादलेलं ओझं हलकं कर. रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. बापाच्या पदरी राहिलेल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी आज लोकांची सेवा करायला सांगितलं. मग ते कायमचे तुझे होतील, असं त्यांचं म्हणणं. नंतर त्याने बरोबरीने वाढलेल्या तरुणांना विचारलं. त्यांनी बापापेक्षा कडक बोलायला शिकवलं. राजा तसंच बोलला, आणि दहा वंश फुटून गेले.

प्रवचनात ही गोष्ट बहुधा थोरांचं ऐकावं एवढ्यासाठी सांगितली जाते. मला मात्र तिच्यातला क्रम अस्वस्थ करतो. राजांच्या पहिल्या पुस्तकातला बारावा अध्याय सावकाश वाचला तर दिसतं, की रहबामाने म्हाताऱ्यांचा सल्ला आधी टाकला आणि मग तो तरुणांकडे वळला. दुसऱ्यांदा विचारायला गेला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. हवा होता तो फक्त दुजोरा. माझं बालपण पाळकाच्या घरात गेलं. नोकरी, सोयरीक, जमिनीची वाटणी असं काही घेऊन संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणारी किती तरी माणसं मी पाहिली, आणि त्यांच्यात रहबाम थोडे नव्हते. मराठीत ‘विचार करणं’ आणि ‘विचारणं’ ही एकाच घरची क्रियापदं आहेत. पहिलं संपल्यावर दुसरं सुरू केलं, की त्या विचारण्यात काही उरत नाही.

अहाब राजाने तर चारशे संदेष्ट्यांना विचारलं होतं. रामोथ गिलादवर चाल करावी का? सगळे एका सुरात ‘जा’ म्हणाले. मीखाया नावाचा एकच माणूस वेगळं बोलणारा होता, आणि तो आपल्याबद्दल कधी बरं सांगत नाही म्हणून अहाबाला त्याचा द्वेष वाटे. त्याला बोलावलं, त्याचं ऐकलं आणि तुरुंगात टाकलं. अहाब त्या लढाईत मेला. बहुत सल्लागार असले म्हणजे कल्याण, असं नीतिसूत्रांचं पुस्तक सांगतं खरं. पण चारशे जण एकच बोलू लागले तर ते बहुत राहत नाहीत.

सल्ला द्यावा तो इथ्रोसारखा. हा मोशेचा सासरा, मिद्यानचा याजक, म्हणजे इस्राएलच्या बाहेरचा माणूस. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करत बसतो आणि लोक ताटकळतात, हे त्याने एका दिवसात पाहिलं. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम, असं त्याने सुचवलं. मात्र देवाची तशी आज्ञा असेल तर, हेही जोडलं. सल्ला अमलात आला तसा तो आपल्या मुलखाला परत गेला. आपलं म्हणणं पाळलं जातंय का, हे पाहत तो छावणीत बसून राहिला नाही. निर्गमच्या अठराव्या अध्यायातला मला सर्वात आवडणारा भाग हाच.

नव्या करारात सल्ल्याची ही गोष्ट एका माणसापुरती राहत नाही. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी का, या प्रश्नावर अंत्युखियात वाद पेटला, तेव्हा पौल आणि बर्णबा यरुशलेमला गेले. प्रेषितांच्या कृत्यांतल्या पंधराव्या अध्यायात ती सभा आहे. बराच वादविवाद होतो, पेत्र बोलतो, पौल आणि बर्णबा आपला अनुभव सांगतात, शेवटी याकोब मत मांडतो. मग जे पत्र जातं त्यात निर्णय पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटला, अशा अर्थाचे शब्द आहेत. देवाची इच्छा आणि माणसांची चर्चा त्या एका वाक्यात शेजारी बसतात. ख्रिस्ती विचारात सल्ल्याला जे वजन आहे, ते या शेजारामुळे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. त्यांच्या तिसऱ्या प्रकरणात महत्त्वाच्या कामी मठाधिपतीने सगळ्या बंधूंना बोलवावं असं आहे, धाकट्यालाही, कारण देव पुष्कळदा धाकट्यालाच चांगलं सुचवतो. ऐकून झाल्यावर निर्णय मात्र मठाधिपतीचा. १५३९ साली रोममध्ये इग्नेशियस लोयोला आणि त्याचे सोबती याहून पुढे गेले. आपल्यातल्या एकाच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यावी का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. दिवसा कामं, रात्री बैठक. कोणी कोणाचं मन वळवायचं नाही. प्रत्येकाने एकट्याने प्रार्थना करून कारणं शोधायची. आधी सगळ्यांनी विरोधातली कारणं सांगायची, नंतर सगळ्यांनी बाजूची. त्यामुळे कोणाची बाजू अशी राहतच नाही. त्या सोबत्यांत फ्रान्सिस झेवियर होता. तीन वर्षांनी तो गोव्यात उतरला.

इग्नेशियसच्या साधनापुस्तकात मार्गदर्शकाला एक बंधन घातलेलं आहे: साधकाला या किंवा त्या बाजूला झुकवू नये, त्याचा आणि देवाचा थेट व्यवहार होऊ द्यावा. हे बंधन किती अवघड असतं, ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला आणि शिकवायला गेल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांचं मत घेण्यात आलं. ते प्रतिकूल आलं. रमाबाईंना हे लागलं. वडिलांनी आईला संस्कृत शिकवलेलं, स्वतः रमाबाईंनी कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या सभांत व्याख्यानं दिलेली. मायदेशी बापाने किंवा नवऱ्याने जे अडवलं नाही ते इथे का अडवावं, असा त्यांचा सवाल होता. पुरोहितांचं जोखड उतरवून आलेल्या बाईला दुसरं जोखड नको होतं. सल्ला त्या ऐकायला तयार होत्या, बायबल उघडून वाद घालायलाही तयार होत्या. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांना पत्रांतून दीर्घ उत्तरं दिली, आणि ती पत्रं वाचताना वाटतं, इथे मार्गदर्शन झालं. आजीबाईंना मात्र सल्ला न मानणं म्हणजे अहंकार वाटत राहिला.

मायदेशीही हाच पेच आला. मार्च १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदासदन उघडलं, पुढे ते पुण्यात आलं. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होते. त्यांच्याइतकी जाणती माणसं त्या काळी शोधून सापडली नसती. रमाबाई खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत, मुली येऊन बसत. मुली ख्रिस्ती होतील अशी शहरात ओरड झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. त्यांची भीती खोटी नव्हती: विधवांचं शिक्षण अजून मूळ धरत होतं, आणि लोकांचा विश्वास गेला तर सगळंच जाणार होतं. रमाबाईंनी तरी दार लावलं नाही. त्या चुकल्या असं मला म्हणवत नाही. पण रानड्यांचा सल्ला चुकीचा होता, असंही म्हणवत नाही. जाणत्या माणसांना मनापासून विचारावं, आणि तरी शेवटचं पाऊल एकट्याने टाकावं लागावं, हे ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला वारंवार येतं. त्या वेळी सल्लागार दुरावतात, याचं दुःख रमाबाईंनाही होतं.

इंग्लंडात आजीबाईंनी रमाबाईंशी झालेल्या भांडणाची पत्रं फाडून टाकली नाहीत. ज्यांत शिष्या आपल्याला स्पष्ट नकार देते तीही त्यांनी जमवून, नीट लावून ठेवली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पुस्तकरूपात छापली. रमाबाईंचा नकार आज आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येतो, तो जिला दिला तिच्या हातून.