मजुराच्या नावाचा पक्ष

माझी तलाठ्याची सगळी नोकरी रायगड जिल्ह्यात गेली. सरकारी नोकराने पक्षाचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं. आता निवृत्त आहे, म्हणून एका पक्षाबद्दल लिहितो. मी जन्मायच्या आधीच तो संपला होता, पण त्याने मागितलेल्या गोष्टींचे कागद मी उभा जन्म लिहीत आलो.

बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक होती. पक्षाने सतरा उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर, सुरबानाना टिपणीस ही कोकणातली सवर्ण मंडळीही त्यात होती. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. हे मुद्दाम केलेलं होतं.

त्यांचा जाहीरनामा आज वाचला तर दोन गोष्टी जाणवतात. एक, त्यात मोघम काही नाही. शेतकऱ्यासाठी भू-तारण बँका आणि मालविक्रीच्या सहकारी संस्था, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला बेदखलीपासून संरक्षण. गिरणीकामगाराला कामाच्या तासांची मर्यादा, पुरेसा पगार, पगारी रजा, परवडेल अशी स्वच्छ घरं. मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण, शिवाय तांत्रिक शिक्षण. गरज पडेल तिथे उद्योग सरकारने चालवावेत, असंही म्हटलेलं. दुसरी गोष्ट माझ्या विशेष आवडीची. खेड्याची आखणी करताना तिथे सभागृह, वाचनालय आणि फिरता सिनेमा असावा, हे त्यात आहे. १९३६ साली! गावाचं पोट भरलं की काम झालं, असं या माणसाला वाटत नव्हतं. माझ्या सजाच्या गावांत समाजमंदिरं झाली, पण वाचनालय म्हणाल तर बहुतेक ठिकाणी कपाट आहे आणि किल्ली सापडत नाही.

पण कोकणात या पक्षाची खरी ओळख झाली ती खोतीमुळे. नव्या वाचकाला हे नीट सांगायला हवं. खोत मुळात सरकारी साऱ्याचा वसुलीदार. गावाचा ठरलेला सारा त्याने सरकारात भरायचा आणि कुळांकडून आपला वाटा घ्यायचा. पिढ्या गेल्या तसा तो मालकासारखा वागू लागला. भात तयार झालं की खोताचा माणूस बांधावर यायचा. उभ्या पिकाकडे बघून किती खंडी, किती मण येईल याचा अंदाज बांधायचा. याला अभावणी म्हणत. त्या अंदाजाचा साधारण निम्मा भाग खोताचा. पुढे अवकाळी पाऊस आला, रानडुकरं शिरली, तरी आकडा तोच. वर आठवेठ, म्हणजे आठ दिवसांतला एक दिवस खोताकडे फुकट राबायचं. नांगरवेठ वेगळी. आणि एवढं सगळं घातल्यावर पावती मिळेलच असं नाही. पावती नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे उद्या खोत म्हणाला, ‘हा माझा कूळच नव्हे,’ तर संपलं.

पक्ष निघायच्या आधीच, १९३३ पासून, अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी संप सुरू केला होता. जमिनी पेरायच्याच नाहीत असं ठरलं आणि माणसं लाकूडफाटा विकून जगली. हे सहा-सात हंगाम चाललं. संप ऐकला की आपल्याला गिरण्यांची धुराडी आठवतात, पण इथे ओस पडली होती भातखाचरं. १९३४ मध्ये चरीच्या शेतकरी परिषदेला बाबासाहेब स्वतः आले.

सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोताला नुकसानभरपाई द्या आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावावर कब्जेदार म्हणून जमीन करा, असा त्याचा गाभा. बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ तेव्हा सत्तेवर होतं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले आणि त्यांचं शिष्टमंडळ खेरांना भेटलं. विधेयक मात्र मंजुरीपर्यंत पोचलंच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध पक्षाने कम्युनिस्टांबरोबर मुंबईत संप केला, गोळीबार झाला, आणि तरीही तो कायदा पास झाला. १९४२ मध्ये पक्ष विसर्जित करून बाबासाहेबांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन काढलं.

सभागृहात हरलेल्या पक्षाच्या मागण्या पुढे, बहुतेक दुसऱ्यांनीच, तुकड्यातुकड्याने पूर्ण केल्या. काँग्रेसनेच १९३९ मध्ये कूळ कायदा करून ‘संरक्षित कूळ’ हा शब्द दप्तरात आणला. खोती रद्द करण्याचा कायदा १९४९ चा. कारखान्यातल्या आठवड्याच्या ५४ तासांचे ४८ झाले ते १९४६ मध्ये, तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडेच होतं. गावकामाच्या बदल्यात मिळणारी महार वतनं जायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला.

आमच्या कामात यातलं सगळ्यात जिवंत प्रकरण १९४८ च्या कूळ कायद्याचं. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो मालक मानला गेला. मग कलम ‘बत्तीस ग’खाली किंमत ठरायची, ती हप्त्याने भरली की ‘बत्तीस म’चा दाखला मिळायचा. फेरफार नोंदवला की खोताचं किंवा सावकाराचं नाव कंसात जायचं आणि कुळाचं वर यायचं. जुन्या फेरफार वहीत अशा नोंदींची पानंच्या पानं आहेत. एका म्हाताऱ्या बाईंनी मला पत्र्याच्या पेटीतून असा दाखला काढून दाखवला होता. दुमडून दुमडून घडीवर फाटलेला, मागून खळीने कागद चिकटवलेला. नातवाचं म्हणणं, आता सगळं ऑनलाइन आहे. बाई काही तो मला हातात द्यायला तयार नव्हत्या. लांबूनच वाचा म्हणाल्या.

अशा जमिनीवर त्याच कायद्याच्या कलम ४३ ची अट असते, परवानगीशिवाय विकता येत नाही. २०१४ मध्ये ती सैल झाली. खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून जमीन मोकळी होते. आकार काही रुपयांत, त्यामुळे नजराणा चहापाण्याएवढा. हमरस्त्यालगतच्या गावांत लगेच रांगा लागल्या. आजोबांनी ज्याच्यासाठी हंगाम उपाशी काढले ते नातवाने फार्महाऊसवाल्याला दिलं, म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मालक झालेला माणूस विकणारच, तोही मालकीचाच भाग.

माझा आक्षेप वेगळा आहे. या सगळ्या धडपडीत कूळ मालक झाला, पण कुळाच्याही शेतावर जो मजुरीने राबत होता तो कुठेच आला नाही. पक्षाचं नाव मजुराचं आणि विधेयक मात्र कुळापाशी थांबणारं. बाबासाहेबांना हे दिसत होतं असं मला वाटतं, कारण १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती हा सरकारी उद्योग करावा, जमीन सरकारची असावी आणि गावाने ती मिळून कसावी, अशी मागणी केली. ती कोणत्याच सरकारने हातात घेतली नाही. असेच बाहेर राहिलेले रायगडातले कातकरी आदिवासी डोंगरउतारावरच्या दळी जमिनी पिढ्यानपिढ्या कसतात. त्यांची नोंद माझ्या सातबाऱ्यावर नव्हती, ती वनखात्याच्या कागदांत. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना दावा करायला जागा दिली. तिथेही पहिला प्रश्न पुराव्याचाच येतो, आणि दळी कसणाऱ्या बहुतेकांकडे पावतीच नसते.